ताईच्या बाजूचा मॉनिटर

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा, बंद खोलीतला पैंजणांचा आवाज... वाचायचं, चहा संपवायचा आणि कामाला लागायचं. मी बेंगळुरूच्या एका सरकारी संशोधन संस्थेत ग्रंथपाल होतो. आयुष्यभर पुस्तकं त्यांच्या त्यांच्या जागी लावली. एखादं पुस्तक सापडत नसेल तर ते नाहीसं झालेलं नसतं, कुणीतरी चुकीच्या फळीवर ठेवलेलं असतं – एवढाच माझा विश्वास. भुताखेतांच्या गोष्टींकडेही मी असंच बघायचो. कारण असतंच, आपण नीट शोधलेलं नसतं.

पुढे जे लिहितो आहे त्यात भीती वाटण्यासारखं काही नाही. मला तेव्हाही वाटली नव्हती. तशा अपेक्षेनं वाचणाऱ्यांची निराशा होईल, हे आधीच सांगून ठेवतो.

गोष्ट अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव सालची. आम्ही जे. पी. नगरमध्ये एका घराच्या पहिल्या मजल्यावर राहत होतो. खाली मालकीणबाई शारदम्मा, वर मी आणि माझी मोठी बहीण. मी लग्न केलं नाही. ताईचं झालं होतं, पण ऐन तरुणपणी तिचे यजमान गेले. त्यानंतर तिनं मिरजेच्या एका शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर ती माझ्याकडे आली. घरात दोन माणसं, दोघंही वाचणारी. संध्याकाळी कॉफी आणि रात्री जेवताना दिवसभरात काय वाचलं त्याच्या गप्पा, असा आमचा संसार होता. शारदम्मांशी ताई मराठीत बोलायची, त्या कन्नडमध्ये उत्तर द्यायच्या आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. पण पुस्तकाबद्दल, भाषेबद्दल बोलायला तिला या गावात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मलाही तिच्याशिवाय नव्हतं.

त्या सुमारास मी एका कन्नड कादंबरीचं मराठी करत होतो. मलनाडातल्या सुपारीच्या बागेत राहणाऱ्या एका म्हाताऱ्याची गोष्ट. त्याची बायको जाते आणि पुढे तो बागेसकट एकटा कसा राहतो, एवढंच तिच्यात आहे. पुण्याच्या एका प्रकाशकानं ती छापायचं कबूल केलं होतं. माझी अडचण अशी की इतकी वर्षं कन्नड मुलखात राहून माझं मराठी जरा वाकडं झालं होतं. कुठं वाकलंय ते माझं मला कळायचं नाही. ताईला लगेच कळायचं. मी लिहायचं, तिनं वाचायचं, अडेल तिथं मला अडवायचं... हे पुस्तक आम्ही दोघं करत होतो असंच म्हटलं पाहिजे.

मधेच तिचे डोळे बिघडले. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून वाचू लागली.

"विनू, ही अक्षरं आहेत की मुंग्या रे?"

मी अक्षरं मोठी केली की तिला वाचता यायचं, पण मग पडद्यावर जेमतेम चार ओळी मावायच्या आणि मला मागचं-पुढचं काही दिसायचं नाही. मी ती लहान करायचो, ती पुन्हा मोठी करायला सांगायची.

"तुला मुंग्या हव्यात आणि मला हत्ती," ती म्हणाली. "एका पिंजऱ्यात कसे राहायचे?"

आमच्या संस्थेत कॉम्प्युटर विभागात गुरुराज म्हणून एक धारवाडचा इंजिनीअर होता. माझ्यापेक्षा बराच लहान, मला अण्णा म्हणायचा, ताईला अक्का. त्याचं मराठी त्याच्या पद्धतीचं, पण अस्खलित. ही अडचण त्याच्या कानावर गेली तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, त्यात काय हाय? दोन मॉनिटर लावू. नव्या विंडोजमध्ये जमतंय. स्वल्प खटपट हाय, पण अक्का खूश होतील बघा."

एका रविवारी तो एस. पी. रोडवरून दुसरं ग्राफिक्स कार्ड आणि एक जुना मॉनिटर घेऊन आला. कार्ड कॉम्प्युटरच्या डब्यात बसवलं आणि मॉनिटर माझ्या मॉनिटरच्या उजव्या हाताला ठेवला. दोन्ही पडदे मिळून आता एकच लांबलचक टेबल झालं होतं. माउस डावीकडच्या पडद्याच्या कडेवरून सरळ उजवीकडच्या पडद्यावर जायचा. ताईनं तो तीन-चारदा इकडून तिकडे नेऊन बघितला आणि लहान मुलासारखी हसली.

पण खटपट स्वल्प निघाली नाही. अक्षरं मोठी करायची जी सोय विंडोजमध्ये होती ती दोन्ही पडद्यांना एकच. ताईसाठी ती मोठी केली की माझ्याकडची बटणं त्यांच्या चौकटींतून बाहेर जायची, 'ओके' कुठं दाबायचं तेच दिसायचं नाही. गुरुराजनं संध्याकाळपर्यंत डोकं घातलं. शेवटी त्यानं माझा पडदा बारीक ठिपक्यांचा ठेवला आणि तिचा जाड ठिपक्यांचा केला. आता एखादी विंडो उजवीकडे सरकवली की तिकडे ती आपोआप मोठी दिसायची. इतकी मोठी, की खालचा भाग पडद्याच्या बाहेर जायचा. दोन्ही पडद्यांच्या मधोमध ठेवली तर ओळ मधेच तुटायची आणि पलीकडे ती भलत्याच उंचीवर, दुप्पट होऊन पुढे चालू व्हायची.

"अर्धं वाक्य मुंग्यांचं, अर्धं हत्तींचं," ताई म्हणाली.

गुरुराज ओशाळला. "ह्याच्यापेक्षा जास्त जमत नाही, अक्का. दोन्हीकडं एक माप येतच नाही."

"जमलं की! मला वाचता येतंय. अजून काय जमायचंय?"

मग आमची एक पद्धत पडली. पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे म्हणून ती नीट सांगतो. एक कॉम्प्युटर, एकच माउस, दोन खुर्च्या शेजारीशेजारी. मी लिहून झालं की फाइलची विंडो उजवीकडे ढकलायचो आणि माउस तिच्या हातात द्यायचो. ती आधी ती विंडो चारी बाजूंनी दाबून आपल्या पडद्यात मावेल एवढी करायची. मग वाचायची. एखादा शब्द खटकला की त्याच्यावर दोनदा टिचकी मारायची, म्हणजे तो काळ्या पट्टीत यायचा. तोंडानं काही सांगायची नाही. तसा काळा शब्द ठेवून ती विंडो माझ्याकडे ढकलायची. ती पोचायची तेव्हा माझ्या पडद्यावर पोस्टकार्डाएवढी दिसायची. आणि कधीच पूर्ण यायची नाही. उजवीकडची बोटभर पट्टी तिच्याच पडद्यावर राहायची.

"ताई, सगळी सोड की."

"थांब. आधी वर बघ."

ही तिची शाळेतली सवय. तपासलेली वही परत देताना ती वहीचं एक टोक धरून ठेवायची. मूल वही ओढायचं, ती सोडायची नाही. मूल मान वर करून तिच्या तोंडाकडे बघेपर्यंत नाही. मुलं वहीतला शेरा वाचतात आणि खाली मान घालून पळतात हे तिला मान्य नव्हतं. "शेरा वहीत नसतो, माझ्या चेहऱ्यावर असतो," असं ती म्हणायची. लहानपणी तिनं माझ्या वह्याही तशाच दिल्या होत्या. म्हणून आताही मी निमूट उजवीकडे बघायचो. जाड भिंगांचा चष्मा, त्यात पडद्याचा निळा चौकोन, आणि मागे ती गालातल्या गालात हसत असायची. मग "घे" म्हणून ती उरलेली पट्टी सोडायची.

पुढच्या वर्षी, उन्हाळा संपता संपता, ताई गेली. सकाळी चहा मागितला होता. मी तो घेऊन आलो तेव्हा ती खुर्चीतच होती... एवढंच. डॉक्टर म्हणाले, हृदय. आदल्या दिवशी जेवताना आम्ही त्या कादंबरीबद्दलच बोललो होतो. शेवटची दोन प्रकरणं राहिली होती, त्यातलं एक मी लिहिलं होतं पण तिनं वाचलं नव्हतं.

"लवकर लवकर कर," ती म्हणाली होती. "त्या म्हाताऱ्याला असा बागेत अर्ध्यावर उभा ठेवू नकोस."

तिच्यामागे घरात बरंच काही उरलं, पण आम्ही दोघांनी मिळून केलेली अशी ती एकच गोष्ट होती. आणि मला ती पुरी करता येईना. कागदावर वाक्य लिहायचो, बघत बसायचो. बरोबर की चूक, कुणाला विचारणार?

तिचा मॉनिटर डोळ्यांसमोर नको वाटायचा. चामराजपेटेत म्हाताऱ्यांसाठी एक वाचनालय होतं, त्यांना मोठ्या अक्षरांचा पडदा उपयोगी पडेल म्हणून मी तो द्यायचं ठरवलं. तिच्या शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन मी रिक्षात बसलो. वाटेत ड्रायव्हरनं मागे वळून विचारलं, "टीव्ही रिपेरी, सार?" मी हो म्हटलं. परत येताना शाल तेवढी बरोबर होती.

टेबलावर मॉनिटरच्या जागी धुळीत चार खुणा राहिल्या. पुसल्या नाहीत. खुर्ची थोडी डावीकडे वळवून घेतली, म्हणजे ती बाजू नजरेत येणार नाही. शारदम्मा जिन्यातून अजून सवयीनं "अक्का" अशीच हाक मारायच्या आणि मग नुसत्याच उभ्या राहायच्या.

काही दिवसांनी पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला. पुस्तक होणार आहे की नाही तेवढं सांगा, म्हणाले. मी कळवतो म्हटलं आणि त्या संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर कॉम्प्युटर लावला. फाइल उघडली. खालच्या पट्टीवर फाइलचं नाव आलं, पण पडद्यावर काहीच नाही. पुन्हा उघडली, तेच. माउस हलवून बघताना बाण उजव्या कडेवरून बाहेर निघून गेला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. फाइल उघडली होती. ताईच्या बाजूला. तिथे आता भिंत होती.

बाण तिकडे, फाइल तिकडे, आणि मी इकडे.

दुसऱ्या दिवशी गुरुराजनं सगळं समजावून सांगितलं. मॉनिटर काढला तरी कार्ड डब्यातच आहे, म्हणून विंडोजला वाटतंय की दुसरा पडदाही तिथेच आहे. फाइल शेवटची जिथं होती तिथंच ती उघडणार.

"मॉनिटर नाही ते त्याला कळत नाही, अण्णा. त्याच्या हिशेबानं अक्का अजून..." मग म्हणाला, "रविवारी येऊन कार्ड काढून टाकतो."

"नको."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "सरी," म्हणाला – ठीक आहे – आणि न दिसणारी विंडो कीबोर्डवरून ओढून आणायची युक्ती त्यानं मला कागदावर लिहून दिली. दोन बटणं दाबायची, मग डावा बाण दाबत राहायचं, शेवटी एंटर.

घरी येऊन तसं केलं. विंडो उजव्या कडेतून हळूहळू सरकत आत आली. पोस्टकार्डाएवढी होती. एंटर दाबल्यावर थांबली ती उजवीकडची बोटभर पट्टी बाहेरच ठेवून. हे सगळं मला पटण्यासारखं होतं. शेवटी ताईनंच ती दाबून लहान केली असणार, आणि कडेचं माप चुकत असेल, गुरुराज म्हणालाच होता की दोन्हीकडचं माप जमत नाही.

पण फाइल उघडली की ती नेहमी पहिल्या पानावर उघडते. ही उघडली होती त्या न वाचलेल्या प्रकरणावर. म्हाताऱ्याची बायको गेल्यानंतरचा प्रसंग. मी लिहिलं होतं – 'ती गेली आणि घर रिकामं झालं.' त्यातला 'रिकामं' हा शब्द काळ्या पट्टीत होता.

माझ्याच हातून झालं असेल म्हणून मी ती पट्टी घालवली, विंडो उजवीकडे ढकलून फाइल बंद केली, पुन्हा उघडली. ती पुन्हा भिंतीत उघडली. ओढून आणली. तेच पान, तोच शब्द काळा.

मी त्या वाक्याकडे बघत बसलो, आणि ताई काय म्हणाली असती ते मला तिच्याच आवाजात ऐकू आल्यासारखं झालं. कानांना नाही, मनात. हे कुणालाही होईल. 'घर रिकामं कसं झालं? तो आहे ना त्यात?'

मी वाक्य खोडलं आणि लिहिलं – 'ती गेली. घरात तो राहिला.'

त्यानंतर तो शब्द पुन्हा काळा झाला नाही. दुसराच एक झाला.

पुढचे आठवडे मी असे काढले : ऑफिसातून यायचं, थोडं लिहायचं, विंडो मुद्दाम उजवीकडे ढकलून द्यायची आणि स्वयंपाकघरात जाऊन कॉफी करायची. कॉफी घेऊन आलो की बटणं दाबून ती परत आणायची. ढकलताना विंडो पडदाभर असायची, परत येताना पोस्टकार्डाएवढी, शेपूट पलीकडे, आणि एक शब्द काळा. दर वेळी खटकण्यासारखाच शब्द असायचा. लिहिताना मला तो कधीच खटकलेला नसायचा. मी तो दुरुस्त करायचो. काही वेळा मनात वादही घालायचो आणि शब्द तसाच ठेवायचो, तर दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा काळा होऊन यायचा. तीही अशीच हटवादी होती.

अखेर न राहवून मी गुरुराजला सांगितलं. तो हसला नाही. रविवारी सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून आला आणि आधी त्यानं माउसची वायर उपटून टाकली.

"तुमचा बाण तिकडं दिसत नाही, म्हणून चुकून टिचकी पडत असणार," तो म्हणाला. "आता माउसच नाही. बघू शब्द कसा काळा होतो ते."

फाइल त्यानंच कीबोर्डवरून उघडली. ती इकडेच उघडली, कारण बंद करताना इकडे होती. त्यानं ती पडदाभर ताणली, कर्सर पहिल्या पानावर नेला आणि विंडो उजवीकडे ढकलली. मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात गेलो. मी कॉफी केली. तो दारात उभा राहून पूर्ण वेळ खोलीकडे बघत होता.

"टेबलाजवळ कुणी जात नाही बघा," तो मोठ्यानं म्हणाला. कुणाला म्हणाला कोण जाणे.

कॉफीचा पेला हातात धरूनच त्यानं बटणं दाबली. विंडो आली. लहान. शेपूट पलीकडे. मधल्याच एका पानावर एक शब्द काळा. गुरुराजनं पेला खाली ठेवला. वाकून माउसची वायर हातात घेतली, तिचं मोकळं टोक बघितलं. मग तो शब्द वाचला.

"हे तुमचं चूक हाय काय, अण्णा?"

"हो. जरा पुस्तकी झालंय."

"सरी." तो खुर्चीवर बसला. वायर टेबलावर ठेवून म्हणाला, "ना येनू नोडिल्ल." मी काहीच बघितलं नाही. मग जायला उठला आणि दारातून परत आत येऊन, टेबलाच्या उजव्या बाजूकडे बघत, हळूच म्हणाला, "बरतीनि, अक्का." येतो, अक्का.

शेवटच्या प्रकरणाशी आलो तसा मी सावकाश लिहू लागलो. पुस्तक पुरं व्हावं हे तर तिचं मागणं होतं. पण पुरं झालं की तिकडे काय ढकलणार? एकदा तर मी एक आख्खा परिच्छेद मुद्दाम वाईट लिहिला. चुकांची संख्या वाढली तर काम लांबेल, असा हिशेब. कॉफी करून आलो, विंडो ओढली, तर एक शब्द नव्हे, पान सगळं काळं. वरपासून खालपर्यंत. शाळेत मुद्दाम गचाळ लिहिणाऱ्याच्या पानावर ती अशीच एक मोठी फुली मारायची. मला हसू आलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा मी त्या खोलीत मोठ्यानं हसलो, आणि हसणं थांबल्यावर घर इतकं शांत होतं की खालच्या शारदम्मांच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

मी तो परिच्छेद नीट लिहिला. त्यापुढचंही नीट लिहिलं.

शेवटचं वाक्य एका रविवारी सकाळी झालं. म्हातारा झावळ्या गोळा करतो आणि संध्याकाळ होते, इतकंच त्यात आहे. मी विंडो उजवीकडे ढकलली. त्या दिवशी दोन पेले कॉफी केली. का केली ते विचारू नका. आत येऊन बटणं दाबली.

विंडो आली. शेवटचं पान होतं. काळं काहीच नव्हतं. मी वरची पानं बघितली, मागचं प्रकरण बघितलं, सगळं पुस्तक बघितलं. एकही शब्द काळा नाही. फक्त उजवीकडची बोटभर पट्टी पलीकडे राहिली होती.

मी ती ओढून घ्यायला पुन्हा ती दोन बटणं आणि डावा बाण दाबला. हलली नाही. पुन्हा दाबला. बाकीची विंडो जिथल्या तिथे, जराही सरकेना. असं याआधी कधी झालं नव्हतं, आधी दोनचारदा दाबलं की शेपूट यायचंच. माउस लावला, विंडो धरून ओढली. नाही. पलीकडून कुणी टोक धरून ठेवावं तशी...

आणि मग मला समजलं, म्हणजे मला वाटतं की समजलं. ती गेल्यापासून इतक्या दिवसांत मी त्या बाजूला एकदाही बघितलं नव्हतं. खुर्चीच वळवून घेतली होती. शब्द घेत होतो आणि खाली मान घालून पळत होतो.

मी खुर्ची सरळ केली आणि उजवीकडे बघितलं.

तिथे कुणी नव्हतं, हे स्पष्ट लिहितो. भिंत होती. मॉनिटरमागे रंग ताजा राहिलेला, तेवढा चौकोन जरा उजळ होता. टेबलावर धुळीत चार खुणा होत्या. तिच्या खुर्चीच्या पाठीवर शाल होती, ती मीच टाकलेली. खिडकीतून ऊन तिथपर्यंत आलेलं होतं. रिकामी जागा होती, आणि मी ती पूर्ण बघितली. तिचा चेहरा जिथे असायचा त्या उंचीवर बघितलं. किती वेळ ते माहीत नाही. कॉफीवर साय धरली होती.

परत वळलो तेव्हा विंडो माझ्या पडद्यावर होती. सगळी. उजवी कडसुद्धा. पोस्टकार्डाएवढी नाही, पडदाभर, माझ्या मापाची.

मी बटणाला हात लावला नव्हता.

त्यानंतर एकही फाइल तिकडे उघडली नाही. मीही तिकडे काही ढकललं नाही. गुरुराजनं येऊन डबा उघडला. कार्ड होतं तिथंच, घट्ट बसलेलं. ऑफिसातून एक मॉनिटर आणून त्यानं तो त्या कार्डाला लावून बघितला, तर लगेच उजळला, जाड ठिपक्यांचा, पूर्वीसारखाच. म्हणजे विंडोजच्या हिशेबी ती बाजू अजून होती.

"म्हणजे सगळं कार्डामुळंच झालं काय?" मी म्हटलं.

"फाइल तिकडं उघडत होती, ते कार्डामुळं," गुरुराज म्हणाला. "पण विंडो आपणहून लहान-मोठी व्हायला नको. आणि माउस नसताना शब्द काळा व्हायला नको. अण्णा, मला सगळं कॉम्प्युटर येतंय, पण हे विचारू नका."

पुस्तक निघालं. एका परीक्षणात भाषा स्वच्छ असल्याचं म्हटलं होतं. मी ते कात्रण कुठं लावावं या विचारात बरेच दिवस होतो, अजून ते टेबलावरच आहे.

नंतर मी कॉम्प्युटर जाणणाऱ्या बऱ्याच जणांना विचारलं. प्रत्येकानं थोड्या थोड्या गोष्टीचं कारण दिलं. कार्डाचं, मापाचं, लक्षात राहिलेल्या जागेचं. माझं मन थाऱ्यावर नव्हतं, मीच करत असेन आणि विसरत असेन, असंही एकानं सुचवलं, आणि मला ते खोडून काढता आलं नाही. गुरुराज मात्र साक्षीला आहे, जरी त्यानं काहीच बघितलं नसलं तरी. सगळी कारणं एकत्र केली तरी बोटभर पट्टी बाहेर उरते. ती कोणत्या फळीवर लावायची हे मला, इतकी वर्षं ग्रंथपाल असून, सापडलेलं नाही.

एक सवय मात्र लागली आहे. दुकानदार सुटे पैसे देतो, बसमध्ये कंडक्टर तिकीट देतो, शारदम्मा वाटीतून काही आणून देतात. कुणीही काही हातात देऊ लागलं की ते घेण्याआधी मी मान वर करून त्या माणसाच्या तोंडाकडे बघतो.